झाशीत उतरलेली एमी

एमी जॉन्सन १९३० च्या मे महिन्यात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीच विमान घेऊन निघाली आणि वाटेत आपल्या झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरली. मला मात्र तिचं युद्धकाळातलं काम जास्त मोलाचं वाटतं. १९४० मध्ये ती ब्रिटनच्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दाखल झाली. काम काय, तर लष्करी विमानं एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायची. रेडिओ नाही; सगळी भिस्त नकाशावर आणि नजरेवर. ५ जानेवारी १९४१ ला ब्लॅकपूलहून किडलिंग्टनला जाताना खराब हवेत ती भरकटली आणि थेम्सच्या मुखाशी पाण्यात पडली. तिला वाचवायला उडी घेतलेले नौदलाचे वॉल्टर फ्लेचरही गेले. तिचा देह सापडलाच नाही. तिथल्या स्त्री वैमानिकांना पुरुषांइतका पगार मिळाला तो १९४३ मध्ये.