‘टँक’ : एका सांकेतिक नावाचा इतिहास

फेब्रुवारी १९१५ मध्ये चर्चिल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश आरमारखात्याने चिलखती युद्धवाहन सिद्ध करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्या नावात ‘लँडशिप’, म्हणजे भूनौका, हा शब्द होता. तो गुपित फोडणारा. म्हणून वर्षअखेरीस पाण्याच्या टाकीचा निरुपद्रवी शब्द ‘टँक’ योजण्यात आला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ही वाहने सोमच्या रणक्षेत्रात प्रथम उतरली. गुपित संपले; नाव मात्र उरले.

या इंग्रजी शब्दाचे मूळ गुजराती ‘टांकुं’ व मराठी ‘टाके’ यांत शोधले जाते. पोर्तुगीज शब्दाचाही त्यात मिलाफ झाला असावा. (गडावरील टाक्याचे हे भाग्य विलक्षणच म्हणावयाचे!) मराठीने आपले हे धन परत न घेता ‘रणगाडा’ पत्करला, आणि तो अधिक अर्थवाही आहे.

२०१६ साली निघालेल्या, पहिल्या महायुद्धावरील ‘बॅटलफील्ड वन’ या व्हिडिओ गेममध्ये जर्मन ‘ए-सेव्हन-व्ही’ व फ्रेंच ‘रेनो एफटी’ यांची गणना ‘टँक’ म्हणून होते; ब्रिटिश ‘मार्क फाइव्ह’ तेवढा ‘लँडशिप’ ठरतो. आकारभेद दाखविण्यास ही योजना सोयीची असेल, परंतु कालक्रमास ती सोडून आहे. ‘मार्क फाइव्ह’ रणांगणावर आला १९१८ मध्ये. ब्रिटिश सैन्यात ‘टँक कोअर’ या नावाचे दल जुलै १९१७ मध्येच स्थापन झाले होते.