अडचणीतला गेम-प्रकाशक कोणी विकत घ्यावा?

बत्हा, रियाध : रियाध मेट्रोच्या निळ्या मार्गावर बत्हा हे एक स्थानक आहे. पैसे घरी पाठविण्याच्या खिडक्या, मोबाइल दुरुस्तीची दुकाने, मल्याळी आणि बंगाली पाट्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसलेले रस्ते, असा हा शहराचा जुना बाजार. त्याच मार्गाने उत्तरेकडे निघालेला प्रवासी गाडी न बदलता किंग अब्दुल्ला वित्तीय केंद्रात पोहोचतो. तेथील सर्वांत उंच मनोऱ्यात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे मुख्यालय आहे. जगातील व्हिडिओ गेम कंपन्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सध्या याच मनोऱ्यात बसतो. बत्हातील खोलीत रात्री मोबाइलवर पोकेमॉन गो खेळणारा कामगार ज्या कंपनीचा खेळ खेळतो, तिची मालकीही २०२५पासून याच निधीकडे आहे.

निधीची गेमविषयक कंपनी म्हणजे सॅव्ही गेम्स ग्रुप. सप्टेंबर २०२२मध्ये सॅव्हीने १४२ अब्ज रियालचा आराखडा जाहीर केला आणि त्यातील ५० अब्ज रियाल एक आघाडीचा गेम-प्रकाशक विकत घेऊन वाढविण्यासाठी राखून ठेवले. इतक्या उघडपणे ‘प्रकाशक हवा आहे’ असे सांगणारा खरेदीदार या धंद्याने क्वचितच पाहिला असेल. याच सुमारास अनेक प्रकाशक अडचणीत येऊ लागले होते. त्यामुळे आजारी प्रकाशक कोणाच्या हाती जावा, या प्रश्नाची चर्चा रियाधला वगळून करता येत नाही.

प्रकाशक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करणे बरे. खेळ घडवितो तो स्टुडिओ. त्याला पैसा पुरविणारा, खेळाची जाहिरात आणि विक्री करणारा आणि बहुधा खेळाचे हक्क स्वतःकडे ठेवणारा तो प्रकाशक. पुस्तकांच्या प्रकाशकाशी याचे साम्य आहे, फरक आकड्यांचा आहे. मोठा खेळ तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात, शेकडो माणसांचे पगार तोवर चालू राहतात आणि उत्पन्न एकदम शेवटी येते. लागोपाठ दोन-तीन खेळ पडले, त्यात डोक्यावर कर्ज असले, की मोठ्यातला मोठा प्रकाशकही बुडू लागतो. अशा वेळी विकायला निघते ते तीन प्रकारचे धन : खेळांचे हक्क, चालू असलेले काम आणि ते काम करणारी माणसे. खरेदीदाराला यांपैकी नेमके काय हवे आहे, यावर पुढचे सगळे ठरते.

अमेरिकेतील टीएचक्यू या प्रकाशकाने डिसेंबर २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २०१३मध्ये त्याचे तुकडे लिलावात गेले. ‘सेंट्स रो’ ही मालिका आणि ती घडविणारा व्होलिशन हा स्टुडिओ जर्मनीच्या कोख मीडियाने सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास घेतला. रेलिक हा स्टुडिओ जपानच्या सेगाकडे गेला. उरलेसुरले हक्क स्वीडनच्या नॉर्डिक गेम्सने अवघ्या ४९ लाख डॉलरला उचलले. भंगारात मिळालेल्या या मालाच्या जोरावर नॉर्डिक वाढली. तिने पुढे टीएचक्यूचे नावही घेतले, २०१८मध्ये कोख मीडियाच गिळली आणि २०१९मध्ये एम्ब्रेसर ग्रुप हे नाव धारण केले. स्वस्तात घेण्याची सवय मात्र फार दिवस टिकली नाही. व्याजदर कमी होते तोवर एम्ब्रेसर दिसेल ती कंपनी घेत गेली. अटींनुसार १.३ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा गिअरबॉक्सचा सौदा हे त्याचे एक उदाहरण. पंधरा हजारांहून अधिक माणसे एका छत्राखाली आली, आणि छत्र कर्जाचे होते.

जून २०२२मध्ये सॅव्हीने सुमारे १ अब्ज डॉलर देऊन एम्ब्रेसरचा आठ टक्क्यांच्या आसपास वाटा घेतला. त्यानंतर दोन अब्ज डॉलरचा आणखी एक करार तोंडी पक्का झाल्याचे एम्ब्रेसर मानत होती. मे २०२३मध्ये समोरच्या पक्षाने माघार घेतली. कंपनीने त्याचे नाव सांगितले नाही. तो पक्ष सॅव्ही असल्याचे वृत्त अमेरिकेच्या ॲक्सिऑसने पुढे दिले. बातमीच्या दिवशी एम्ब्रेसरच्या समभागाची किंमत चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळली. त्यात सॅव्हीचे स्वतःचेही नुकसान झाले, हे विसरता येत नाही.

पुढच्या महिन्यात ‘पुनर्रचना’ जाहीर झाली. हा शब्द ऐकला की या धंद्यातील माणसे आपला बायोडेटा काढून ठेवतात. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी व्होलिशन बंद झाला. १९९३पासून चालत आलेला, टीएचक्यूच्या बुडण्यातून वाचलेला हा स्टुडिओ न झालेल्या एका सहीनंतरच्या काटछाटीत गेला. गेला तो पूर्णपणे निर्दोष होता, असे नव्हे. त्याचा २०२२चा ‘सेंट्स रो’ फिका निघाला होता. पण एक खेळ फिका निघाल्यावर दुसऱ्याची संधी देण्याइतका पैसा मालकाजवळ उरला नव्हता. हजाराहून अधिक नोकऱ्या गेल्या, गिअरबॉक्स ४६ कोटी डॉलरला टेक-टूकडे गेला आणि एप्रिल २०२४मध्ये एम्ब्रेसरने स्वतःचे तीन तुकडे करण्याची घोषणा केली. तुकडे गोळा करून वाढलेल्या कंपनीचे अखेर तुकडेच झाले.

याच्या उलट उदाहरण जपानचे. ‘पर्सोना’ मालिकेचा ॲटलस हा प्रकाशक इंडेक्स या मूळ कंपनीच्या दिवाळखोरीत २०१३मध्ये विक्रीला निघाला. सेगाने तो १४ अब्ज येनच्या आसपास घेतला आणि, हे महत्त्वाचे, त्याच्या कामात फारशी ढवळाढवळ केली नाही. तीन वर्षांनी ‘पर्सोना ५’ आला आणि ॲटलसचे नाव जपानबाहेर घरोघरी पोहोचले. सेगाला दोन गोष्टी ठाऊक होत्या : खेळ कसा विकायचा, आणि कोणाला त्रास द्यायचा नाही. अर्थात सेगाही सर्वत्र यशस्वी ठरली नाही; लिलावात घेतलेला रेलिक तिने २०२४मध्ये सोडून दिला. तरीही धंदा जाणणारा, रोख पैशाने घेणारा आणि वाट पाहणारा मालक हाच आजारी प्रकाशकाला मानवतो, हे ॲटलसच्या उदाहरणातून दिसते.

या कसोटीवर सौदी निधी कोठे बसतो? वाट पाहण्याची ताकद त्याच्याइतकी कोणाजवळ नाही. परंतु आजवरच्या खरेद्या पाहिल्या तर निधीची पसंती धडधाकट कंपन्यांना आहे. स्कोपली २०२३मध्ये ४.९ अब्ज डॉलरला घेतली, ती कमावती होती. तिच्यामार्फत २०२५मध्ये नायँटिकचा गेम व्यवसाय ३.५ अब्जांना घेतला, त्यात पोकेमॉन गो आहे. जपानचा एसएनके हा थोडासा अपवाद : २००१मध्ये दिवाळखोरी पाहिलेला हा प्रकाशक अनेक हात फिरून युवराजांच्या मिस्क प्रतिष्ठानाकडे आला आणि २०२२पर्यंत त्याचे ९६ टक्के समभाग तेथे जमा झाले. त्याच्या २०२५च्या ‘फेटल फ्युरी’त रियाधच्या अल नस्र संघाचा क्रिस्तियानो रोनाल्डो लढवय्या म्हणून अवतरला. मालक बदलला की पात्रेही बदलतात.

राज्यसंस्थेची खरेदी निव्वळ नफ्यासाठी नसते. २०३०पर्यंत या क्षेत्रात ३९,००० रोजगार निर्माण करण्याचे सौदी धोरण आहे. देशाची प्रतिमा हाही हेतू आहे, आणि मानवी हक्क संघटनांची टीका नेमकी त्यावरच आहे. मालकाचा हेतू खेळाबाहेरचा असेल, तर तो बदलल्यावर खेळाचे काय होणार, हा प्रश्न विकणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

२९ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झालेला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ५५ अब्ज डॉलरचा सौदा वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. निधी, सिल्व्हर लेक आणि ॲफिनिटी पार्टनर्स यांनी आखलेल्या या खरेदीतील २० अब्ज डॉलर कर्जाचे आहेत. असे कर्ज खरेदीदाराच्या नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीच्या डोक्यावर बसते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स मजबूत आहे, तिला हा भार पेलेलही. अडचणीतल्या प्रकाशकाला अशा रीतीने घेणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या डोक्यावर पोते ठेवणे होय.

मराठी मुलखाला हा प्रश्न परका नाही. विशाल गोंडल यांनी १९९९मध्ये मुंबईत सुरू केलेली इंडियागेम्स चीनच्या टॉम ऑनलाइनकडे, तेथून यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीसह डिस्नेकडे गेली. एका दशकाच्या आत तीन मालक. आता मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज खरेदीदाराच्या खुर्चीत आहे. २०२५मध्ये तिने ‘ह्यूमन फॉल फ्लॅट’चा प्रकाशक असलेली ब्रिटनची कर्व्ह गेम्स सुमारे २४७ कोटी रुपयांना घेतली.

पण खरी काळजी पुण्यात आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा तेथे २००८पासून स्टुडिओ आहे, मुंबईत २०१८पासून. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडे सोपविली होती, २०२२मध्ये ते काम मॉन्ट्रियलला हलविण्यात आले. युबिसॉफ्ट आज अडचणीतल्या प्रकाशकाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. संस्थापक गिय्यमो कुटुंबाने मालकीची सूत्रे सोडली नाहीत. त्याऐवजी ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन दुभत्या मालिका वेगळ्या कंपनीत काढून तिचा सुमारे २५ टक्के वाटा चीनच्या टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना दिला. यातून रोकड आली आणि कर्ज हलके झाले. मात्र साय एकीकडे काढल्यावर उरलेल्या दुधाला गिऱ्हाईक मिळणे अवघड असते. संपूर्ण कंपनी घेणारा मालक दूरच्या स्टुडिओंचाही हिशेब करतो. निवडक मालिका घेणाऱ्याला तो करावा लागत नाही. आणि त्या तीन मालिकांबाहेरच्या कामावर ज्यांचा पगार चालतो, त्यांच्या वतीने वाटाघाटीच्या टेबलावर कोणीही बसलेले नाही.