सावत्र आई गोष्टीत आली कोठून?

स्मरणिकेसाठी काही लिहा असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण एक गोष्ट कित्येक वर्षे मनात घर करून आहे, ती लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पाच वर्षांची मुलगी होती, पहिल्या बाईंची. एका रात्री तिने सिंड्रेलाच्या गोष्टीसाठी हट्ट धरला. ‘एका मुलीची आई वारली, मग घरात सावत्र आई आली,’ एवढे सांगितले आणि पुढे मला बोलवेना. पोर माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

तेव्हापासून ही गोष्ट मुळात कोठली याचा शोध घ्यावासा वाटू लागला. वाचनालयात मिळेल ते वाचले; पुढे मुलगी कॉलेजात गेल्यावर तिनेही इंग्रजी पुस्तकांतले वाचून सांगितले.

ही गोष्ट एका देशाची नव्हेच. चीनमध्ये दुआन चेंगशी नावाच्या विद्वानाने इ. स. ८५० च्या सुमारास ती लिहून ठेवली आहे. त्या मुलीचे नाव ये शिएन. तिच्या बापाच्या दोन बायका. ये शिएनची आई वारते, मागून बापही जातो, आणि ती सवतीच्या हाती सापडते. आपल्या ध्रुवाची सुरुचीही अशीच, आईची सवत. ये शिएनने जिवापाड पाळलेला मासा ती बाई मारून खाते आणि काटे उकिरड्यात पुरते. पुढे त्या काट्यांपाशी जे मागावे ते मिळते. जत्रेला जायला सोन्याचे जोडेही मिळतात, आणि त्यातला एक हरवतो.

फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली हीच गोष्ट सरदार-दरकदारांना शोभेल अशी केली. मासा गेला, परी आली, भोपळ्याची गाडी झाली, जोडा काचेचा झाला. पेरोची मुलगी शेवटी बहिणींना क्षमा करते, त्यांची चांगल्या घरी लग्ने लावून देते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१९ च्या आवृत्तीत मात्र कबुतरे त्या बहिणींचे डोळे फोडतात. मला पेरोच बरा वाटतो.

पण मला खरा धक्का बसला तो पुढेच. ग्रिम बंधूंचे पुस्तक पहिल्यांदा १८१२ साली निघाले. त्यात हिमगौरीला मारायला शिकाऱ्याबरोबर पाठवणारी बाई तिची सख्खी आई आहे! १८१९ मध्ये तिची सावत्र आई केली. हॅन्सेल व ग्रेटेल यांना उपासमारीच्या दिवसांत रानात सोडून द्यायला लावणारीही आधी आईच होती. तीही १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. पुस्तक घरोघरी मुलांच्या हाती जाऊ लागले, आणि आईच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून हा बदल केला, असे अभ्यासक मानतात. त्या काळी बाळंतपणात बायका दगावत, घरोघरी दुसरेपणाची बाई असे. तिच्या नावाची काळजी कोणी केली नाही!

आपल्याकडे ही गोष्ट आली तेव्हा नाव किती गोड मिळाले, हिमगौरी. बर्फ न पाहिलेल्या मुलांनाही गौर ठाऊक असते. नाव बदलले, सावत्र आई मात्र तशीच राहिली.

मग मीही बदल करायला लागले. काचेचा जोडा मुलीला पटेना. ‘फुटला तर पाय नाही का कापणार?’ म्हणून चांदीचे पैंजण केले. भोपळ्याची गाडी मात्र तिला लगेच पटली, कारण भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी तिच्या ओळखीची होती. सावत्र आईच्या जागी मी आत्या घातली. दोन-चार महिने बरे चालले. मग नणंदबाई राहायला आल्या आणि मुलगी त्यांच्याजवळ जाईना! तेव्हा मामी केली. दिवाळीला माझी भावजय येणार असे कळताच तीही बदलली.

मुलगी आता मोठी झाली. तिनेच मला तो १८१२ चा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाली, ‘बघ आई, आधी सख्खीच होती.’ चाळीतल्या पोरांना ती गोष्ट आता तीच सांगते. तिने चेटकीण घातली आहे. चेटकीण आमच्या नात्यात कोणी नाही.