गोठणगावहून मागे, पवनीपर्यंत

लोसर, म्हणजे तिबेटी नववर्ष, दोन दिवसांवर आलाय. बाहेर पळस फुललाय आणि तू गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत, आजीच्या स्वयंपाकघरात गुथुकचा, लोसरआधीच्या सूपचा, वाडगा घेऊन बसली आहेस. स्वेटर विकण्याचा सीझन आटोपून घरातले सगळे परतलेत. वाडग्यातला कणकेचा मोठा गोळा फोडायचा आणि आत जे निघेल त्यावरून वर्षभर चिडवून घ्यायचं. मिरची निघाली तर बडबड्या, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. तुझ्या गोळ्यात लोकर निघते, म्हणजे मऊ मनाची. आजी, तुझी मोमो-ला, काहीतरी बोलते. सगळे हसतात. तुला त्यातलं निम्मंच कळतं. उत्तर तू मराठीत देतेस, तेही झाडीपट्टीच्या हेलात.

नागपूरच्या होस्टेलात तुला ‘नेपाळची का?’ असं विचारतात. तिबेट तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या आईनेही नाही. ‘आपलं’ म्हणून तुला जे सांगतात ते सगळं हिमालयापलीकडचं, आणि तिकडे जाण्याची वाट बंद. पण मागे जाता येतं. चल.

1972. गोंदिया जिल्हा अजून झालेला नाही, तो 1 मे 1999 ला होईल. तू उभी आहेस ती जमीन भंडारा जिल्ह्यातली. दुसरीकडचे तिबेटी लोक या वसाहतीला आजही भंडाराच म्हणतात, ते तेव्हापासून. समोर जंगल आहे. चुबाच्या, म्हणजे तिबेटी झग्याच्या, बाह्या कमरेला बांधून एक बाई मोहाच्या झाडाची मुळं उकरते आहे. विशी ओलांडलेली, हाताला फोड आलेले. तीच तुझी आजी. डोंगरातल्या तिच्या गावात सातू पिकायचा. इथे बांध्या घालून धान लावायचं आहे, आणि ऊन असं की दुपारी कुदळीचा दांडा हातात धरवत नाही. पाऊस पडला की रोवणी येते. ती चिखलात उतरते, शेजारच्या बाईची बोटं रोप कसं धरतात ते पाहते आणि तसंच धरते. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. वारसा म्हटलं की आपल्याला मठ आणि मुखवटे आठवतात. मला तो या रोवणीतही तेवढाच दिसतो.

आणखी मागे, 1959 चा मार्च. 10 तारखेला ल्हासातले लोक नोर्बुलिंगका राजवाड्याभोवती जमतात. 17 च्या रात्री दलाई लामा तिथून निघतात आणि 31 ला भारताच्या हद्दीत येतात. त्यांच्यामागून हजारो माणसं येतात. त्यांतल्या एका आठ-नऊ वर्षांच्या पोरीबरोबर तूही चाल. बर्फातून उतरलीस की पुढे आसामातली मिसामारी छावणी, बांबूच्या लांबच लांब झोपड्या. अंगावर अजून लोकरीचा चुबा, आणि हवेत दमट उकाडा. माणसं आजारी पडतात. पोरगी चुबा काढायला तयार नाही, कारण घरून आलेलं तिच्याजवळ तेवढंच उरलंय.

इथे फार थांबत नाही आपण. सातव्या शतकात जाऊ.

परंपरा सांगते की राजा सोंगत्सेन गाम्पोने थोन्मी संभोट नावाच्या तरुणाला लिपी शिकायला भारतात पाठवलं. तो परतला आहे, तिबेटीची तीस अक्षरं त्याने बसवली आहेत आणि तो ती मोठ्याने म्हणतो आहे. तू शेजारी बसून ऐक. क ख ग ङ. च छ ज ञ. त थ द न. प फ ब भ असं तुझ्या तोंडून निघून जातं, तो मात्र प फ ब म म्हणतो. घ, झ, ध, भ त्याने घेतलेच नाहीत, त्याच्या लोकांच्या जिभेला ते लागत नाहीत. बाकीचा क्रम तू जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत घोकलेला. आजीची लिपी अवघड म्हणून तू सोडून दिली होतीस ना? तिचा निम्मा रस्ता तू मराठीतून आधीच चालून आली आहेस.

शेवटचा मुक्काम इसवी सनापूर्वीचा आणि तुझ्या घरापासून जवळचा. वैनगंगेकाठचं पवनी. जगन्नाथ टेकडीवर स्तूपाभोवतीचा दगडी कठडा उभा राहतो आहे. कुणी बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरतो आहे, कुणी दान देणाऱ्यांची नावं. एक पाथरवट छिन्नीने एक उभी रेघ मारतो, मग तिला छेदणारी आडवी. अधिकच्या चिन्हासारखा दिसणारा हा ब्राह्मीतला क. थोन्मीची अक्षरं याच ब्राह्मीच्या वंशातली, आणि तुझ्या मराठी पुस्तकातलीही.

लिपीखेरीज आणखी एक धागा आहे. चौदाव्या शतकातला तिबेटी इतिहासकार बुतोन लिहितो की बौद्ध आचार्य नागार्जुन विदर्भात जन्मला. ज्याचे ग्रंथ तिबेटी भिक्षू शतकानुशतकं पाठ करत आले, वाद घालत आले, तो आचार्य तुझ्या आजीच्या परंपरेनेच विदर्भाचा मानलेला आहे.

जगन्नाथ टेकडीवरचा तो स्तूप मातीखाली गेला. नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1969-70 मध्ये तो खणून काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, आजी मोहाची मुळं उकरायला आली.