उरलेल्या कॉर्डरॉयची गोष्ट

१९७२ साली 'सीअर्स' या अमेरिकेतल्या बड्या विक्रेत्या कंपनीने अलाबामा राज्यातल्या बायकांच्या एका सहकारी संस्थेला उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं. कापड कॉर्डरॉयचं. रंग सोनेरी, नारिंगी, चेरीसारखा लाल आणि अ‍ॅव्होकाडोच्या पानासारखा हिरवा. माप ठरलेलं, शिवणही ठरलेली. ते अभ्रे देशभरच्या दिवाणखान्यांत गेले आणि यथावकाश विटून फेकलेही गेले असतील. मला त्यांच्यात फारसा रस नाही. रस आहे तो कापून उरलेल्या पट्ट्यांत. त्या बायकांनी घरी नेल्या, एकमेकींत वाटल्या, आणि त्यांतून शिवलेल्या काही गोधड्या पुढे संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या.

या बायकांपैकी बऱ्याच जणी जीज बेंडच्या. अलाबामा नदी या गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदाराने इथे कापसाचा मळा वसवला. पुढे १८४५ मध्ये तो पेटवे घराण्याकडे गेला. नव्या मालकाने नॉर्थ कॅरोलायनातून आपले गुलाम इथवर पायी चालवत आणले. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांचं आडनाव आजही पेटवेच आहे, म्हणजे मालकाचं. गुलामी कायद्याने संपली, जमीन मात्र मालकाचीच राहिली आणि हे लोक वाट्याने कसू लागले. १९३२ साली त्यांना उधारी देणारा व्यापारी वारला. त्याच्या वारसांनी वसुलीसाठी गावातली जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य सगळं उचलून नेलं. रेड क्रॉसच्या शिध्यावर गाव कसंबसं जगलं.

१९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन इथे आला. त्याच्या छायाचित्रांत लाकडी घरांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली दिसतात. फटींतून येणारा वारा अडवायला कागद, आणि अंगावर घ्यायला गोधड्या. या घरांत कापडाचा साठा म्हणजे काय, तर पुरुषांच्या विटलेल्या डेनिमच्या विजारी, पिठाची नि खताची रिकामी पोती, फाटके झगे. आत भरायला जिनच्या जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणायचा आणि काठीने झोडपून मोकळा करायचा. कापूस पिकवणाऱ्यांनी कापूस असा वेचून आणावा, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

१९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतातले कपडे उसवून, जोडून एक गोधडी केली. त्याची आठवण पांघरावी आणि तिच्यात ऊब मिळावी म्हणून आईने ती केली, असं तिच्या मुलीने पुढे सांगितलं. तिच्यात निळा, करडा, मळकट पांढरा असे उन्हाने धुऊन काढलेले रंग आहेत. कुणाही मराठी माणसाला ती पाहून आजीच्या लुगड्याची गोधडी आठवेल. मलाही आठवली. पण हे साम्य एवढ्यावरच सोडतो, कारण आपल्याकडची गोधडी आपल्या गरिबीतून आली आणि ती तिथल्या गरिबीतून. दोन्ही गरिबी एकच, असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही.

जीज बेंडची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी. गोधडीचा वरचा थर, म्हणजे कुठला तुकडा कुठे बसणार हे ठरवून जोडणं, हे जिचं तिचं काम. एकामागून एक चौकटी वाढवत नेणाऱ्या रचनेला 'घराचं छप्पर' म्हणायचे. नुसत्या सरळ पट्ट्यांच्या रचनेला 'आळशी पोरगी'. एखादीला यातलं काहीच नको असलं तर ती 'माझ्या पद्धतीने' करायची. वरचा थर, कापूस आणि अस्तर एकत्र टाचायची वेळ आली की मात्र शेजारणी जमायच्या. चौकट मांडायची, चारी बाजूंनी बसायचं, टाके घालायचे, भजनं म्हणायची. आज हिच्या घरी, पुढे तिच्या घरी. इंग्रजीत अशा जमण्याला 'बी' म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला 'इर्जिक' म्हटलं की लगेच कळेल.

१९६६ साली या शब्दाला राजकीय अर्थ आला. त्याआधी काळ्या माणसांनी मतदार म्हणून नोंदणी करायचं म्हटलं की नोकरी जायची, जमिनीवरून हाकललं जायचं. जीज बेंडचे लोक नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅम्डनला जाऊ लागले, तर १९६२ मध्ये तर बंदच झाली. समोर दिसणारं गाव रस्त्याने तासाभरावर गेलं. ही तर सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग इथे येऊन बोलून गेले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फ्रान्सिस वॉल्टर हा पाद्री मोटारीतून जात असताना त्याला दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्याने दहा डॉलरला एक या दराने गोधड्या गोळा केल्या आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव मांडला. मार्च १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. एस्टेल विदरस्पून यांनी तिचा कारभार अनेक वर्षं सांभाळला. संस्थेने जमीन घेतली, १९६९ मध्ये शिवणकेंद्र बांधलं, आणि मतनोंदणीपायी घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना त्या जमिनीतले तुकडे विकले. गोधडीच्या पैशातून हे घडलं, याचं महत्त्व मला संग्रहालयांपेक्षा जास्त वाटतं.

पैसा येतो तो अटींसह. न्यूयॉर्कच्या 'ब्लूमिंगडेल्स'सारख्या दुकानांना एकसारख्या गोधड्या हव्या होत्या. नमुना तोच, टाके तेवढेच. 'माझ्या पद्धतीने'ला तिथे जागा नव्हती. काहींना हे जाचलं, काहींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा पगार मिळाला. दोन्ही खरं. म्हणून तर उरलेल्या कॉर्डरॉयचं मोल. शिस्तीत कापायला जड असलेल्या त्या जाड कापडाच्या पट्ट्या रात्री घरी लांबच लांब, वाकड्या, बेधडक जोडल्या गेल्या. दिवसा कंपनीच्या मापाने कापलेलं कापड रात्री त्यांच्या मापाने जोडलं जात होतं.

संस्था २०१२ मध्ये बंद झाली. त्याच्या दहा वर्षं आधी संग्राहक बिल आर्नेट यांनी जमवलेल्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं. समीक्षकांना मातीस आणि क्ले आठवले. २००६ मध्ये दहा गोधड्या टपाल तिकिटांवर आल्या. २००७ मध्ये तिघींनी संग्राहक आणि संबंधितांविरुद्ध दावे लावले, प्रश्न मोबदल्याचा आणि नक्षीच्या हक्काचा होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

संग्रहालयातल्या पाटीवर एकच नाव असतं, तुकडे जोडणारीचं. ते योग्यच आहे, रचना तिची. पण गोधडी उलटी करून पाहता आली तर अस्तराच्या बाजूने कितीतरी हातांचे टाके दिसतील: कुणाचे बारीक, कुणाचे लांब, कुणा म्हातारीचे तिरके गेलेले.