चिपटं, कोळवं आणि न भरणारा शेर

मोबाइल मुका झालाय आणि रुपयाचे सोळा आणे झालेत. 1956 साल. पेठ वडगावच्या बाजारात धान्याच्या ओळीत तुम्ही उभे आहात, नाकात शाळूचा धुरळा. वजनमापांचा नवा कायदा दिल्लीत याच वर्षी झाला, पण धनाजी जाधवांची समाधी असलेल्या या गावात किलो अजून कुणी पाहिलेला नाही.

म्हाताऱ्यानं गोणीपुढं मापं मांडलीत. मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं पाव, कोळवं त्याच्या निम्मं, निळवं त्याच्याही निम्मं.

"किती घालू पावणं?"

"एक मापटं, एक चिपटं, एक कोळवं, एक निळवं. शीग नको, सपाट."

मापटं ओतताना तो "लाभ" म्हणतो. पहिल्या मापाला इथं 'एक' म्हणत नाहीत. पिशवीत अर्धा शेर, मग पाऊण, मग आठातले सात भाग, मग सोळातले पंधरा.

"निळवंभर कमी पडलं की. सरळ शेरच घ्यायचा!"

बरोबर. शेवटी जे माप पडलं, नेमकं तेवढंच कमी. निळव्याचं निम्मं, त्याचं निम्मं असं घालत बसलात तरी शेर काही भरायचा नाही.

आता जरा खोड काढा. "एक शेर घाला. त्यावर शेराचा दुसरा हिस्सा, मग तिसरा, चौथा, पाचवा..." हिस्से बारीक होत चाललेत, म्हणजे हेही कुठंतरी अडणार, असं तुम्हाला वाटतं. मलाही शाळेत तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या हिश्शाला माप नाही. म्हातारा डोकं खाजवतो. "चिपट्यापेक्षा जास्तच भरंल त्यो."

इथंच सगळं आलं! तिसरा आणि चौथा, दोन्ही चिपट्याहून कमी नाहीत. दोन चिपट्यांचं मापटं. पाचवा ते आठवा, चौघंही कोळव्याहून कमी नाहीत, पुन्हा मापटं. नववा ते सोळावा, आठ निळवी, पुन्हा मापटंच. दर खेपेला हिस्से दुप्पट घ्यावे लागतात, पण मापटं पडतंच. मग कुठलीही गोणी कधीतरी भरणारच. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमनं हेच सिद्ध केलं होतं, चिपट्याशिवाय.

फक्त घाई करू नका. दोन शेर ओलांडायला 4 हिस्से लागतात, तीनला 11, चारला 31, पाचला 83.

"धा शेर, म्हंजी अडीच पायल्या कवा व्हायच्या?" गोणीचं तोंड आवळत म्हातारा विचारतो.

12,367 व्या हिश्शाला.