आग्वादचे पाणी

जयपूरच्या तिलक नगरात बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला समुद्र दोन प्रसंगी आठवतो. एक रजेचा अर्ज लिहिताना आणि दुसरा नळाचे पाणी गेल्यावर. जयगडावरील प्रचंड टाकी पाहिली म्हणजे गड राखायचा तर आधी पाणी राखावे लागते, हे येथील राज्यकर्त्यांनी किती नेमके ओळखले होते ते कळते. गोमंतकात पोर्तुगीजांनीही ते ओळखले होते. मांडवीच्या मुखाशी १६१२ साली त्यांनी पुऱ्या केलेल्या किल्ल्याचे नावच मुळी पाण्यावरून पडले. आग्वाद म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. लिस्बनहून महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यावर काढून आलेले खलाशी येथे पिंपे भरीत. किल्ल्यातील टाक्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावे, असे सांगतात. तोफांपेक्षा या टाक्याचाच आधार त्या राज्याला अधिक वाटत असावा.

याच किल्ल्याच्या खालच्या तटाशी, सिकेरीच्या किनाऱ्यावर, १९७४ साली ताज समूहाचे आलिशान हॉटेल उभे राहिले आणि ऐषारामाची वस्ती थेट वाळूपर्यंत येऊन पोहोचली. आता किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा बेताबाहेर गेला की खारे पाणी आत शिरते आणि शेजारच्या गावाची विहीर निकामी होते. पाहुण्याच्या स्नानाचा व हिरवळीचा प्रश्न असा गावकऱ्याच्या घागरीशी जाऊन भिडतो.

नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास बजावले. गंमत अशी की, १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी त्यांनी नेले ते याच सिकेरीला! तथापि पत्र वाया गेले नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने त्याला कायद्याचे रूप दिले. अविकसित ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम नको, तेथे भूजलाचा उपसाही नको. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत हॉटेलांना परवानगी, पण अटींवर. फायलींशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना पुढची कथा सांगावयास नको. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचे ५० करण्याची वाट मोकळी केली. हा आकड्यांतला फरक मुंबई-दिल्लीच्या टेबलावर किरकोळ वाटेल. वाळूवर तो मासेमाऱ्याच्या होडीची आणि कासवाच्या घरट्याची जागा असतो.

कासवांचे नाव निघाले म्हणून वेळासविषयी थोडे अधिक लिहितो. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून आपण जाणतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी तेथून पूर्वी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती कुंपणात सुरक्षित ठेवण्यास आरंभ केला. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले. पण त्यांच्यासाठी किनाऱ्यावर हॉटेल उठले नाही. ओटीवर अंथरूण, माजघरात पंगत, आणि पैसा यजमानाच्या हाती. जे अंड्यांच्या विक्रीतून मिळे, त्याहून अधिक ती जपण्यातून मिळू लागले. माझ्या मते आग्वादच्या दिमाखापेक्षा हा व्यवहार अधिक शहाणपणाचा आहे.

पिल्ले बाहेर येण्यास साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात आणि नेमका दिवस आधी सांगता येत नाही. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी दोन दिवसांची रजा जास्तच मंजूर करून घ्यावी.